कागदाचा शोध इ.स. १०५ मध्ये चीनच्या त्साय लुनने लावला, हे खरं आहे का?

नाही, कागद त्याच्या आधीपासून होता. पण स्वस्त कच्च्या मालातून लिहिण्याजोगा कागद करण्याची पद्धत बसवून ती राजदरबारात मान्य करून घेण्याचं श्रेय त्याला जातं. १०५ हे साल त्याने ‘हो’ नावाच्या हान घराण्यातल्या सम्राटाला ती पद्धत सादर केली तेव्हाचं. ते ज्या हान घराण्याच्या इतिहासातून येतं, तो लिहिला गेला पाचव्या शतकात, म्हणजे घटनेनंतर तीनेकशे वर्षांनी. त्यात कारणही सरळ दिलंय: रेशीम महाग आणि बांबूच्या पट्ट्या जड. म्हणून त्साय लुनने झाडाची साल, तागासारखी सुतं, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी वापरली. हे सगळं भिजवून कुटायचं, लगदा पाण्यात कालवायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि वाळवायचा. हातकागद आजही मुळात असाच होतो.

आधीचा पुरावा म्हणाल तर कान्सू प्रांतात फांगमातान इथल्या एका थडग्यात १९८६ साली नकाशा काढलेला कागदाचा तुकडा सापडला. तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातला मानतात. शिआनजवळ १९५७ मध्ये मिळालेले तुकडेही जुने सांगितले जातात. मात्र शिआनचे हे तुकडे म्हणजे खरा कागद की नुसते दाबले गेलेले धागे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. स्पर्धा परीक्षेत पर्याय आले तर बिनधास्त त्साय लुनच लिहा!