नायट्रिकचा तांबडा धूर आणि पिवळी बोटं

प्रश्न: सर, मी हुपरीचा, कोल्हापुरात एमएस्सी केमिस्ट्री करतोय. लॅबमधे नायट्रिक ॲसिड हाताला लागलं, बोटं पिवळी झालीत, साबणानं जाईनात. आमच्या काकांच्यात पण मागच्या खोलीत चांदी शुद्ध करायला हेच वापरतात, तांबडा धूर निघतो. काका म्हणतात आयुष्य गेलं यात, काय होत न्हाय. खरं मला काळजी वाटते.

उत्तर: बोटांचं टेन्शन घेऊ नको. कातडीतल्या प्रोटीनवरच ॲसिडची रिॲक्शन होऊन ती पिवळी पडलीय, वरनं बसलेला डाग नाही तो, जुनी कातडी निघाली की जाईल. परत लागलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली १५-२० मिनिटं हात धर, सोडा-बिडा चोळू नको.

काळजी कर ती धुराची. कडक नायट्रिक, म्हणजे लॅबमधलं ६८-७० टक्क्यांचं, चांदीवर ओतलं की चांदी विरघळून सिल्व्हर नायट्रेट होतं (सोनं विरघळत नाही, म्हणून तर दोन्ही वेगळं करायला सराफ हे वापरत आलेत) आणि जो तांबूस-तपकिरी वायू सुटतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, बंद खोलीत खालीच साचतो. पाण्यात पटकन विरघळत नाही त्यामुळं नाक-घसा फार झोंबत नाही आणि तो थेट फुप्फुसात खोल जातो. माणसाला वाटतं काय झालं नाही, जेवतो, झोपतो, आणि काही तासांनी, कधीकधी दुसऱ्या दिवशी दम लागायला लागतो कारण फुप्फुसात पाणी भरतंय. काकांचं 'काय होत न्हाय' इथंच फसतं. धूर जास्त गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला नायट्रिकचा धूर घेतलाय हे आधी सांगायचं.

तोंडाला रुमाल बांधून वायू अडत नाही, एन-९५ नं पण नाही. लॅबमधे फ्यूम हूड (धूर बाहेर ओढून नेणारं काचेचं कपाट), काकांच्यात नीट एक्झॉस्ट आणि धूर अल्कलीच्या पाण्यातनं धुऊन सोडणारा स्क्रबर, याला शॉर्टकट नाही. खर्च आहे, मान्य.

नायट्रिकची बाटली तपकिरी का असते, तर उजेडानं ॲसिड फुटून हाच वायू तयार होतो. आणि ती स्पिरिट, ॲसिटोनजवळ ठेवू नका. सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा चिंध्या टाकायच्या नाहीत, पेट घेतील, कोरडी वाळू टाका.