सगळ्यांच्या कडेवर जाते, फक्त माझ्याजवळ येत नाही

"मॅडम, भाजीवालीच्या गळ्यात पडते, रिक्षावाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसते. आणि मी केस विंचरायला घेतले की अंग चोरते. माझ्यातच काही कमी आहे का?"

जुळे सोलापुरातल्या, मुलगी दत्तक घेतलेल्या एका आईने समुपदेशनासाठी माझ्याकडे येऊन विचारलेला हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, घरात सासूबाई. मूल होण्यासाठीच्या उपचारांत बरीच वर्षं गेली. दत्तकासाठी नोंदणी केली तेव्हा नवराबायकोच्या वयाची बेरीज 90च्या पुढे गेली होती, म्हणजे नियमानुसार चार वर्षांखालचं मूल मिळणार नव्हतं. 4 ते 8 वयोगटासाठी ही मर्यादा 100 आहे. पाच वर्षांची मुलगी घरी आली, पेढे वाटले गेले, आणि काही महिन्यांतच ताई माझ्यासमोर बसून रडत होत्या.

मोठं मूल दत्तक घेतलेल्या आया हा प्रश्न हमखास विचारतात, बहुतेक वेळा आवाज खाली करून. शेजारणी म्हणतात, "किती माणसाळलेली आहे पोरगी!" आईला मात्र ते टोचतं.

संस्थेतल्या मुलाचं जग डोळ्यांसमोर आणा. सांभाळणाऱ्या मावश्या पाळीनुसार बदलतात. पाहुणे येतात, खाऊ देतात, फोटो काढतात, जातात. अशा ठिकाणी जे पोर पटकन हसून मांडीवर चढतं, त्याच्या वाट्याला चार क्षण जास्त येतात. ही सलगी म्हणजे माया नव्हे, ती त्या मुलीने कमावलेली हुशारी आहे. रोज तीच बाई जेवू घालते, तीच झोपवते, हे तिला नवं असतं, आणि भीतीचंही. भाजीवालीकडून काही गमावायचं नसतं, आईकडून असतं.

रुमानियातल्या अनाथालयांतून दत्तक गेलेल्या मुलांचा 1990 नंतर पुष्कळ अभ्यास झाला. त्यात दिसलेली एक गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगते. आईवडिलांशी नातं जुळल्यावरही अनोळखी माणसांशी असलेली सलगी काही मुलांमध्ये बराच काळ टिकते. म्हणून त्या एका गोष्टीवरून स्वतःला नापास करू नका.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. काही महिने जेवण, आंघोळ, औषध आणि झोपवणं फक्त आईबाबांनी करायचं. बाकीच्यांनी खेळायचं, गोष्टी सांगायच्या, पण पोरीने खायला मागितलं की म्हणायचं, "चल, आईला सांगू." खरी अडचण इथेच आली. सासूबाई तडकल्या, "मी काय परकी हाय का? माझ्या हातचा घास चालत नाही?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्याकडे लेकरू चार घरांत जेवून मोठं होतं, आणि पोटच्या पोराला ते मानवतं, कारण आई कोण हे त्याला आधीच पक्कं ठाऊक असतं. या मुलीचं तेच ठरायचं होतं. मी आजींना एकटीला बोलावलं आणि रात्रीच्या गोष्टीचं काम त्यांच्याकडे सोपवलं. तरी शेंगाची चटणी लावलेला घास त्या गुपचूप भरवायच्याच. आम्ही तेवढ्याकडे काणाडोळा केला.

जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचा प्रश्न मात्र मी कडक ठेवला. कुणाचाही हात धरून चालायला लागणारं पोर त्या गर्दीत न्यायचं नाही. न्यायचंच असेल तर दुपारी, गर्दी नसताना, हात न सोडता.

उशीखाली भाकरीचे तुकडे सापडायचे. त्यावर रागावू नका म्हटलं. तिला स्वतःचा डबा द्या, तिने केव्हाही उघडावा. कडक भाकरी टिकतेही.

केसांसाठी एक युक्ती सुचवली: आधी तिला तुमचे केस विंचरू द्या. ते तिला आवडलं. स्वतःचे केस मात्र देईना.

पुढे ताई आणखी घाबरून आल्या. शाळेत, आजीपाशी, शेजारी पोरगी गुणाची. आईसमोर आदळआपट, "तू नको" म्हणून चप्पल फेकणं. मला बरं वाटलं, आणि तसं मी बोलून दाखवलं. जिच्यासमोर हट्ट केला तरी ती जाणार नाही असं वाटू लागतं, तिच्यासमोरच मूल हट्ट करतं. नातेवाईक मात्र म्हणत होते, "एवढं सगळं दिलं तरी किंमत नाही." दत्तक मुलाने आभारी राहावं ही अपेक्षा मला भयंकर वाटते.

दत्तकविधानानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी सामाजिक कार्यकर्तीकडून पाहणी होते. तेव्हा अनेक घरं आवरून, पोराला नवे कपडे घालून 'सगळं छान आहे' म्हणतात. मूल परत नेतील ही धास्ती. ताईंनीही पहिल्या वेळी तेच केलं होतं. दुसऱ्या वेळी त्यांनी सगळं सांगितलं, केसांचंसुद्धा. सामाजिक कार्यकर्तीने संस्थेत विचारपूस केली. तिथे रोज हिची वेणी घालणारी एक मावशी अचानक काम सोडून गेली होती. मुलीला कुणी काही सांगितलं नव्हतं.

हेच कारण, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण ताईंनी वेणीचा नाद सोडला आणि पोरीला विचारून तिचे केस खांद्यापर्यंत कापून आणले. आता ती स्वतःच कंगवा फिरवते, भांग वाकडा पडला की आईकडे येते. आजींना ते आखूड केस अजून पसंत नाहीत.