काहीच उघडलेलं नसताना लॅपटॉपवर जाहिराती येतात, अँटीव्हायरस ‘सगळं ठीक’ म्हणतो. नुसत्या जाहिरातीच आहेत तर बिघडतं काय?

तुम्ही लिहिलंय की हिंगोली जिल्ह्यात फॉर्म भरायचं केंद्र चालवता. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी जाहिरात वर येते, गुगलवर काही शोधलं तर भलत्याच नावाचं पान उघडतं आणि अँटीव्हायरसला काहीच सापडत नाही. मी परभणीत चौदा वर्षं संगणक दुरुस्ती करतो. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. तुमच्या लॅपटॉपवर तुमच्या एकट्याचं काही नसतं. तिथं शेकडो शेतकऱ्यांचे सातबारे, आधार, पासबुकाची पहिली पानं पडलेली असतात. त्यामुळं ‘चालू द्या’ म्हणता येणार नाही.

आधी कोपऱ्यातली जाहिरात. ती पुन्हा आली की लगेच बंद करू नका, त्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिथं क्रोमचं किंवा एजचं नाव आणि सोबत एखाद्या वेबसाइटचा पत्ता दिसला, तर तो व्हायरस नाही. कधीतरी एखादं पान उघडलं असेल आणि त्यावर ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाउ दाबा’ असं आलं असेल. तिथं दाबलेलं अलाउ म्हणजे त्या साइटला तुमच्या स्क्रीनवर कधीही नोटिफिकेशन पाठवायची दिलेली परवानगी. ब्राउझरची खिडकी बंद असली तरी तो मागं चालू राहतो आणि जाहिराती येत राहतात. मशीनमध्ये फाइल अशी काही उतरलेलीच नसते, मग अँटीव्हायरस काय पकडणार? क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स असं जा; एजमध्ये नावं थोडी वेगळी असतात. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं सगळी काढून टाका. माझ्याकडं कोपऱ्यातल्या जाहिरातींची तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथंच होतं.

पण सर्चचं पान बदललंय म्हणता, म्हणजे तुमच्याकडं दुसरंही काहीतरी बसलंय. ते कसं बसतं हे नीट समजून घ्या, नाहीतर मी काढून दिलं तरी महिन्याभरात परत येईल.

आपल्या धंद्यात पोर्टलला फाइल ठरावीक केबीच्या आत लागते. काउंटरवर रांग उभी असते, पीडीएफ मोठी होते, पोर्टल घेत नाही. मग आपण घाईत पीडीएफ लहान करायचं फुकट सॉफ्टवेअर शोधतो. मराठी फॉन्ट, टायपिंगच्या परीक्षेचा कीबोर्ड, जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, सगळ्यांची हीच गत. उघडलेल्या पानावर हिरवीगार तीन डाउनलोड बटणं असतात, त्यातली दोन जाहिरातीच असतात. खरं बटण दाबलं तरी येतो तो डाउनलोडर, म्हणजे हमाल. हवं ते सॉफ्टवेअर तो आणतोच, सोबत आणखी तीनचार आणतो. खिडकी उघडते, त्यात ‘एक्स्प्रेस’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय असतात. एक्स्प्रेसपुढं शिफारस म्हणून लिहिलेलं असतं. कस्टम उघडून पाहिलं तरच कळतं की सर्चचं पान बदलायच्या, टूलबार टाकायच्या चौकोनांवर आधीच टिक करून ठेवलीय. आपण नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत जातो. प्रत्येक मशीनमागं त्या डाउनलोडरवाल्याला पैसे मिळतात, धंदा तोच आहे.

अँटीव्हायरस गप्प का बसतो त्याचं उत्तरही इथंच आहे. कागदोपत्री तुम्ही ‘मान्य’ म्हणून दाबलेलं असतं. त्यामुळं बऱ्याच कंपन्या याला व्हायरस न म्हणता ‘नको असलेलं ॲप’ अशा वेगळ्या खात्यात टाकतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये ॲप अँड ब्राउझर कंट्रोलच्या आत रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन आहे, त्यात या नको असलेल्या ॲप्सना अडवायचं बटण आहे. ते चालू आहे का आजच बघा.

क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चोरवाटेनं चालू केलेलं विंडोज किंवा ऑफिस टाकलेलं असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. ॲक्टिव्हेटर टाकताना ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना येते आणि माणसं मुकाट्यानं बंद करतात. राखणदाराला घरी पाठवून अनोळख्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, असला हा प्रकार. अशा मशीनवर मी साफसफाईच्या भानगडीत पडत नाही. डेटा बाजूला काढून सरळ नव्यानं विंडोज टाकतो.

आता बिघडतं काय, ते सांगतो.

जाहिरात हा त्यातला दिसणारा भाग. तुम्हाला बघून ती दाखवायची तर तुम्ही काय शोधता, कोणती पानं उघडता हे त्या सॉफ्टवेअरला माहीत व्हावं लागतं. ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकताना ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणं आणि बदलणं’ अशा अर्थाची परवानगी मागितली जाते. ती दिली की पान उघडल्यावर तुमच्या डोळ्यांना जे दिसतं ते सगळं त्या एक्स्टेंशनलाही दिसतं. तुम्ही फॉर्ममध्ये आधार नंबर टाकता, बँक खातं टाकता, ते त्याच पानावर टाकत असता. प्रत्येक एक्स्टेंशन ते चोरतंच असं मी म्हणत नाही. चोरायचं ठरवलं तर त्याला अडवणारं तिथं कोणी नसतं, एवढंच म्हणतो. शिवाय आज चांगलं असलेलं एक्स्टेंशन उद्या विकलं जातं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेंशन होतं. २०२० मध्ये त्याचा मालक बदलला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गुगलनं ते काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी नवीन काहीच टाकलेलं नव्हतं, अपडेट आपोआप झालेलं होतं.

दुसरं उदाहरण यापेक्षा वाईट, कारण त्यात गिऱ्हाइकानं काहीच दाबलेलं नव्हतं. २०१४ मध्ये लेनोव्होनं विकलेल्या काही लॅपटॉपांवर ‘सुपरफिश’चं जाहिरातीचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच टाकून आलं होतं. बँकेच्या पानावर पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह असतं ना, त्याचा अर्थ मधल्या कोणाला वाचता येत नाही असा. या सॉफ्टवेअरनं ‘ही साइट खरी आहे’ असं सांगणारं स्वतःचंच प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवलं आणि त्या कुलपाच्या आत जाऊन जाहिराती घुसवल्या. वर कडी म्हणजे सगळ्या लॅपटॉपांना एकच गुप्त किल्ली होती. ती ज्याच्या हाती लागेल त्याला त्याच वायफायवर बसून खोटं बँकेचं पान दाखवता आलं असतं, आणि कुलूप तसंच दिसलं असतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं. ‘नुसत्या जाहिराती’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे उदाहरण सांगतो.

आणि हे फक्त तिकडं परदेशात होतं असंही नाही. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच प्रकाराची माहिती दिली. तो ब्राउझरचं सर्चपान बदलून जाहिरातीचा पैसा काढायचा, पण त्याला त्याच वाटेनं मशीनवर दुसरा कोणताही प्रोग्रॅम उतरवता येत होता. त्यांच्या अंदाजानं त्याची लागण झालेली मशीनं जगभरात २५ कोटी आणि त्यातली अडीच कोटी आपल्या देशात होती. मायक्रोसॉफ्टनं हा आकडा फुगलेला असल्याचं म्हटलं. आकडा कमी धरला तरी आज जाहिराती टाकणाऱ्या वाटेनं उद्या काहीही आत येऊ शकतं, हे खरंच आहे.

मागच्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पाथरीकडचा एक केंद्रचालक मशीन घेऊन आला होता. “भाऊ, बंद केलं तरीबी पान उघडू लालंय. पीक विम्याचे दिवस हायत, लोक भांडू लालेत.” चार जीबी रॅमचं मशीन, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललेलं. दिवसाचा डेटा दुपारीच संपायचा, कारण मागं जाहिराती सारख्या उतरत होत्या. घाई होती म्हणून मी रात्रीतून विंडोज नव्यानं टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो परत दारात. तेच पान, तीच जाहिरात.

बसून पाहिलं तेव्हा कळलं. घरी गेल्यावर त्यानं क्रोममध्ये आपलं खातं लॉग-इन केलं होतं. सिंक, म्हणजे खात्यातलं सगळं प्रत्येक मशीनवर आपोआप उतरवायची सोय, चालू होतं. जुनं एक्स्टेंशन त्याच्या खात्यात जपून ठेवलेलं होतं, ते लॉग-इनबरोबर गुमान परत आलं. आधी खात्यातून ते काढलं, घरच्या दुसऱ्या संगणकावरूनही काढलं, तेव्हा कुठं थांबलं. त्या दिवशी त्याचा डाउनलोड्सचा फोल्डर मी उघडला. वर्षभराचे आधार आणि पासबुकं माणसांच्या नावानिशी ओळीनं लावलेली. रांगेत उभ्या राहिलेल्या एकाही माणसाला याची कल्पना नव्हती. पावती दिली की कागद पुसून टाका, ही सवय मी तेव्हापासून प्रत्येक केंद्रवाल्याच्या मागं लागून लावतो. तुम्हीही लावून घ्या.

तुमचं मशीन साफ करायचं तर पहिल्यांदा इन्स्टॉल झालेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणं लावा. त्रास सुरू झाला त्या आठवड्यात काय काय एकदम टाकलं गेलं ते लगेच दिसतं, ते काढा. मग एक्स्टेंशनं, आणि सिंकचं वर सांगितलेलं विसरू नका. क्रोमच्या शॉर्टकटवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, टार्गेटच्या चौकटीत शेवटपर्यंत जा. तिथं क्रोमच्या फाइलच्या नावापुढं एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो खोडा. कितीही वेळा होमपेज बदललं तरी तेच पान का उघडतं, ते बहुतेकदा इथं सापडतं. विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये, म्हणजे इंटरनेट दुसऱ्या मशीनमधून वळवायच्या सेटिंगमध्ये, तुम्ही न टाकलेला पत्ता दिसतो का बघा. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये दर तासाला काही उघडणारं अनोळखी काम असेल तर ते आधी बंद करा, काही बिघडलं नाही की काढा. एवढं करून मालवेअरबाइट्सचं ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’ त्यांच्याच साइटवरून घेऊन चालवा, ते फुकट आहे. गुगलवर ‘अमुक व्हायरस काढा’ असं शोधून मिळेल ते सॉफ्टवेअर मात्र टाकू नका, त्यात तसलाच माल जास्त असतो. ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस, या नंबरवर फोन करा’ असं पान आलं तर फोन करायचा नाही. कोणी केलाच असेल आणि पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला कळवायचं.

पासवर्ड बदलायचे ते सगळ्यात शेवटी, आणि दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून. त्याच मशीनवर आधी बदलले तर नवा पासवर्डही त्याच डोळ्यांखाली टाइप होतो.

जाहिरातीवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय आणि बदललेल्या सर्चपानाचं नाव काय, ते इथंच लिहा. त्यावरून कुठं बघायचं ते पुढं सांगतो.