पगार ठरवताना जुनी सॅलरी स्लिप मागू नका

बाणेरच्या तुमच्या 30 जणांच्या कंपनीत पगार न्याय्य कसे ठेवायचे आणि भरतीत सगळ्यांना संधी कशी द्यायची, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात एचआरमध्ये 18 वर्षं काढली, त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी 'सध्या किती मिळतात?' हा प्रश्न बंद करा. माझ्या एका जुन्या कंपनीत अकाउंट्सला दोघं एकाच महिन्यात लागले. दोघंही बी.कॉम., टॅली येणारे, तीन वर्षांचा अनुभव. मुलाला 24 हजार, मुलीला 17. ती नांदेडला एका सीएंकडे 13 हजारांवर होती, तो पुण्यातच साडेअठरावर, आणि आम्ही दोघांना सारखीच तीस टक्के वाढ दिली होती. दोन वर्षांनी इन्क्रिमेंटच्या वेळी दोघांच्या स्लिपा माझ्या टेबलावर शेजारी शेजारी आल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं. जीएसटीची रिटर्न्स दोघं आलटूनपालटून भरत होते! फरक मिटवायला पुढे दोन अप्रेझल गेली. मधले पैसे तिला मिळाले नाहीत ते नाहीतच, आणि ते मला आजही लागून राहिलंय.

म्हणून जाहिरात देण्याआधी कामाचा पगार ठरवा, किमान-कमाल आकडा जाहिरातीतच छापा. समान कामाला समान वेतनाचा कायदा आपल्याकडे 1976 पासून आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत महिला स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता, ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1987 मध्ये त्यांच्यातल्याच एक, ऑड्री डिकॉस्टा, यांच्या बाजूने निकाल लागला. कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही, ही सबब कोर्टाने ऐकली नाही.

भरतीचं म्हणाल तर जाहिरातीतली प्रत्येक अट कामाला खरंच लागते का, ते बघा. डेटा एन्ट्रीला 'स्वतःची टू-व्हीलर आवश्यक' कशाला? 'फ्लुएंट इंग्लिश'मुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतून वर आलेली किती हुशार मुलं अर्जच करत नाहीत. एकदा पायात कॅलिपर घातलेला एक उमेदवार आमच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याने चढून आला, घामाघूम. लिफ्ट नाही हे त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मुलाखतीच्या मेलमध्ये 'तुम्हाला काही सोय लागेल का?' ही ओळ मी कायम घालते. तुमच्याकडे 20 पेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे दिव्यांग हक्क कायदा 2016 खालचं समान संधी धोरण तुम्हाला तपशीलवार लिहावं लागेल. कुठली पदं दिव्यांगांसाठी योग्य आहेत तेही त्यात येतं. ते नुसतं फाइलला लावून ठेवू नका.

आता ज्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, त्यांच्याबद्दल. हाउसकीपिंगच्या मावशी आणि वॉचमन तुमच्या पेरोलवर नसतील, ठेकेदाराचे असतील. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे तुमच्यावर येते. पण खरी चोरी कागदावर दिसत नाही. आमच्याकडे मावशींच्या खात्यात किमान वेतन पूर्ण जमा व्हायचं, फक्त एटीएम कार्डं सुपरवायझरकडे असायची. तो पैसे काढून त्यांच्या हातावर कमी टेकवायचा. चलनं, पीएफ, सगळं चोख. हे कळलं ते एका मावशीने चहा ठेवता ठेवता सहज सांगितलं म्हणून.

त्यामुळे दर महिन्याला दहा तारखेनंतर त्यांच्यासोबत पंधरा मिनिटं बसा. पासबुक भरून आणायला सांगा, कार्ड कोणाकडे आहे ते विचारा. त्या वेळी सुपरवायझर खोलीत नको.