अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या शहराचं गंबो (मांस-माशांचा दाट रस्सा), सॅझेरॅक कॉकटेल आणि मार्डी ग्रा हा उत्सव, यांचा एकमेकांशी काय संबंध आहे?

संबंध आहे तो त्या बंदरावर आलेल्या आणि आणल्या गेलेल्या माणसांचा. गंबोच बघा ना, भेंडी आफ्रिकेतली, मैदा तेलात किंवा लोण्यात खरपूस परतून घट्टपणा आणायची पद्धत फ्रेंच, आणि वरून घालतात ती सॅसाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची. पण हे सगळं प्रेमाने एकत्र आलं असं कोणी सांगितलं तर पटवून घेऊ नका, कारण चुलीपाशी राबणारे बहुतेक हात गुलाम कृष्णवर्णीयांचे होते आणि नाव मात्र मालकांचं झालं.

सॅझेरॅक १९व्या शतकातलं, आधी कोन्यॅक या फ्रेंच ब्रँडीचं, नंतर राय व्हिस्कीचं, त्यात पेशो नावाच्या औषधविक्रेत्याचे बिटर्स, म्हणजे थेंब-थेंब घालायचा कडवट अर्क.

मार्डी ग्रा म्हणजे ईस्टरआधीच्या लेंट या ख्रिस्ती उपवासकाळाच्या आधीचा मंगळवार, आपल्या गोव्याचा कार्निव्हल पण त्याच दिवसांत असतो. १८५७ मध्ये कोमस या गोऱ्या श्रीमंतांच्या मंडळाने मिरवणूक सुरू केली, आणि १९९१-९२ मध्ये शहराने भेदभाव करणाऱ्या मंडळांना परवाना नाही असा नियम केला तेव्हा कोमसने रस्त्यावर येणंच बंद केलं! कृष्णवर्णीयांचं झुलू मंडळ मात्र १९०९ पासून आहे.

मला सगळ्यात मोठ्या वाटतात त्या लीआ चेस, डुकी चेस रेस्टॉरंटवाल्या. काळे-गोरे एकत्र जेवणं बेकायदा होतं त्या काळात नागरी हक्क चळवळीतले दोन्हीकडचे लोक त्यांच्याकडे वरच्या मजल्यावर बसून गंबो खात खात पुढचे बेत ठरवायचे.