भिंतीआडचं चित्र आणि फुटलेला पेपर

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी वसतिगृहाच्या खोलीत दोन ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेले छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) समोरासमोर ठेवले. खोली रिकामी आहे, कुणी बसलंय की चालतंय, हे वायफायच्या लहरींवरून ओळखायला मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामला, शिकवलं. लॅपटॉपवर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. सुट्टीत तेच बोर्ड औंढ्याजवळच्या आमच्या घरी लावले, तर रिकाम्या खोलीतही ‘माणूस चालतोय’ असं येऊ लागलं. चुकलं कुठं? शिवाय आजी रोज विचारते, ‘भिंतीआडचं दिसतंय म्हणजे आपले फोटू निघतेत का गं?’ तिला काय सांगू?
– एक विद्यार्थिनी, हिंगोली जिल्हा

उत्तर : आधी आजींचं. त्यांचा प्रश्न तुझ्या प्रश्नाच्या मुळाशी जातो.

फोटो निघत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून थोडी जास्त. लांबून पाहताना लहरीच्या निम्म्या लांबीहून बारीक तपशील तिच्यातून उमटत नाही, तेव्हा नाक-डोळे दिसायचा प्रश्नच नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात फिलिप होल आणि फ्रीडेमान राइनहार्ड यांनी २०१७ मध्ये वायफायच्या लहरींतून होलोग्राम काढला. एक अँटेना जागेवर ठेवली, दुसरी एका सपाट पातळीत जागोजाग फिरवत मोजमाप घेतलं आणि लहरींचं गणित उलटं चालवलं. अ‍ॅल्युमिनियमचा मीटरभराचा क्रॉस त्यात ढोबळ दिसला. तिथं मॉडेल कुणी शिकवलं नव्हतं. जे दिसलं ते लहरींनी आणलेलं.

एमआयटीत दीना कताबी यांच्या गटानं २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. कॅमेरा आणि रेडिओ एकाच वेळी चालवून, कॅमेऱ्यातल्या माणसाचे सांधे कुठं आहेत ते रेडिओच्या मॉडेलला शिकवलं. पुढं कॅमेरा काढून घेतला, तरी भिंतीआडच्या माणसाची काडीकाडीची आकृती मिळाली. ही आकृती खोटी नाही. पण तिच्यातलं थोडं लहरींनी सांगितलेलं असतं आणि थोडं मॉडेलनं ‘माणूस असाच असतो’ या अनुभवावरून भरलेलं असतं. या दोन वाट्यांची वाटणी करता येणं, हेच तुझ्या प्रकल्पातलं खरं भौतिकशास्त्र.

आता तुझं ९८ टक्के. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मला दाट शंका आहे की सगळ्या नोंदी एकत्र पिसून त्यातल्या वीस-पंचवीस टक्के तू परीक्षेला ठेवल्यास. वायफायच्या संदेशाची सेकंदाला शंभर पाकिटं (पॅकेट) येत असतील, तर शेजारशेजारच्या दोन नोंदी जुळ्या भावंडांसारख्या असतात. एक शिकवणीत गेली, दुसरी परीक्षेत आली. पेपरच फुटला की! मॉडेलनं माणूस ओळखला नाही. तुझी खोली आणि तो दिवस पाठ केला.

हे ठामपणे सांगतो, कारण मी स्वतः यात आपटलोय. परभणीहून गावाकडच्या माळवदाच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत मी असाच संच लावला होता. दोन फुटांची मातीची भिंत, एका अंगाला बोर्ड माजघरात, दुसऱ्या अंगाला ओसरीवर. महिनाभर झकास चाललं. मृगाचे दोन पाऊस झाले आणि रिकाम्या माजघरात यंत्राला माणूस दिसायला लागला. आठ दिवस मी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. मग एका सकाळी भिंतीला हात लावला, तर कमरेपर्यंत ओल चढलेली. पाणी या लहरी शोषतं. कोरड्या भिंतीतून येणारा संकेत ओल्या भिंतीतून क्षीण झाला होता. त्यात माळवद गळतं म्हणून घरच्यांनी ज्वारीची पत्र्याची कोठी कोपऱ्यातून मधल्या खांबापाशी सरकवलेली. पत्रा म्हणजे या लहरींना आरसाच. मॉडेल जे शिकलं होतं ते कोरड्या भिंतीचं आणि कोपऱ्यातल्या कोठीचं घर होतं. ते घर आता राहिलं नव्हतं.

तुझ्या घरी पंखा चालू होता का, ते आधी बघ. फिरती पाती लहरी सतत हलवतात. वसतिगृहात पंखा बंद ठेवून शिकवलं असशील, तर मॉडेलला हालचाल म्हणजे माणूस एवढंच ठाऊक. लहरीची कलाही (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) तपास. दोन बोर्डांची घड्याळं तंतोतंत जुळत नसल्यानं कला पाकिटागणिक सरकते. ती दुरुस्त न करता वापरलीस तर मॉडेल घड्याळातला फरक शिकतं.

चाचणी कशी घ्यायची, हे कृष्णविवराच्या चित्रावरून शीक. एम८७ या दीर्घिकेच्या केंद्राचं ते चित्र २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. लहर १.३ मिलिमीटरची, दुर्बिणी पृथ्वीवर मोजक्या ठिकाणी, म्हणजे माहितीत मोठाली भोकं. ती भरताना कृष्णविवराभोवती असेल असं मनात धरलेलं तेजस्वी कडंच चित्रात उतरायचा धोका होता. म्हणून चार गटांनी एकमेकांशी न बोलता चित्रं काढली. शिवाय कडं, चकती, चंद्रकोर अशा ठाऊक आकारांची बनावट माहिती त्याच पद्धतींतून काढून पाहिली. चकतीची माहिती दिली तर चकतीच यायला हवी, कडं नाही! तुझ्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर भुजांची लायगो वेधशाळा होतेय, तिच्या क्षेत्रातही हाच शिरस्ता आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लायगोच्या आणि युरोपातल्या व्हर्गो वेधशाळेच्या माहितीत, तपासाची पद्धत पारखायला, मुद्दाम एक खोटा संकेत घातला होता, आणि बहुतेक शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा नोंदी पिसू नकोस. सोमवारी-मंगळवारी शिकव, गुरुवारी तपास. एका खोलीत शिकव, दुसरीत तपास; मैत्रिणींवर शिकव, आजींवर तपास. मॉडेलनं कधी न पाहिलेलं काहीतरी पुढं ठेव, चालू पंखा किंवा दारात बांधलेलं वासरू, आणि ते काय म्हणतं ते लिहून ठेव. ९८ चे ६५ झाले तर प्रकल्पात ६५ च लिही, शेजारी कारण लिही. परीक्षक म्हणून मी तुला त्या ६५ ला जास्त गुण देईन.

आजींना सांग, चेहरा दिसत नाही. पण घरात कुणी आहे का, उठलं-बसलं का, हे कळू शकतं; चांगल्या यंत्राला श्वासाची लयही कळते. त्यांची धास्ती उगाच नाही. घरात बोर्ड लावण्याआधी त्यांना विचार, आणि त्या नको म्हणाल्या तर गोठ्यात लाव.