मशीन नंतर घ्या, आधी तो डबा उघडा

प्रश्न : ताई, मी ६७ वर्षांचा. १९८४ पासून इंग्लंडात, लिंकनशायरमध्ये राहतो. गेल्या वर्षी कारखान्यातून निवृत्त झालो. तरुणपणी मला मेटल डिटेक्टिंगचा, म्हणजे मशीन फिरवून जमिनीतल्या धातूच्या जुन्या वस्तू शोधायचा नाद होता. जवळच्या एका शेतकऱ्यानं मला एकट्याला त्याच्या शेतात फिरायची परवानगी दिली होती, क्लबातल्या बाकी कुणाला नाही. १९९३ ला मुलगी झाली, जबाबदाऱ्या वाढल्या आणि १९९७ ला सगळं सुटलं. आता पुन्हा सुरू करावंसं वाटतंय. बायको म्हणते, या वयात चिखलात बसून कोल्ड्रिंकच्या कॅनच्या कड्या गोळा करणार का? मुलगी नुसती हसते. सातशे पौंडांचं मशीन घ्यावं का? घरच्यांना कसं समजवावं? पुढं भारतात आलो की जुन्नरकडच्या गडांवरही ते फिरवायचा विचार आहे. तो शेतकरी आता नाही, त्याचा मुलगा शेती बघतो. नव्यानं परवानगी कोण देणार, हाही प्रश्नच. जुन्या वस्तू गॅरेजमध्ये बिस्किटांच्या डब्यात आहेत : बटणं, एडवर्ड राजाच्या काळातलं एक चांदीचं नाणं, आणि ९६ च्या हिवाळ्यात त्या शेतात सापडलेली लग्नाची अंगठी, आत दोन अक्षरं आणि १९४१ कोरलेलं.
– एक वाचक

उत्तर : भाऊ, गडांचं आधी उरकून टाकते. नाही म्हणजे नाही. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित गडावर परवानगीशिवाय उकरणं तर सरळ गुन्हाच. शिवनेरीच्या पायथ्याशी तुम्ही हेडफोन लावून उभे दिसलात, की पोलीसपाटील पोचायच्या आत गुप्तधनाची बातमी तीन गावांत गेलेली असेल. जुन्नरला जा, मिसळ खा, परत या.

वहिनींच्या टोमण्यांचंही मला फार वाटत नाही. गुडघ्याखाली घ्यायला पॅड मिळतं, हल्लीची मशिनं जुन्यांपेक्षा हलकी आहेत, आणि निवृत्त नवरा दुपारभर शेतात असला तर घरी कुणाचं बिघडतं? कड्यांचं मात्र त्या अगदीच चूक बोलल्या नाहीत. कॅनची कडी आणि बारीक सोन्याची अंगठी मशीनला बऱ्याचदा सारखीच ऐकू येते. कड्यांना कंटाळून तो आवाज सोडून देणारा माणूस अंगठीही मातीतच सोडून जातो. तुम्ही सोडला नाहीत. वाकलात, उकरलंत, माती झटकलीत आणि आतली अक्षरंही वाचलीत.

आणि मग ती बिस्किटांच्या डब्यात टाकलीत!

बटणं, नाणं, अंगठी अशी एका ओळीत यादी देऊन तुम्ही पत्र संपवलंत. मला मात्र त्या ओळीपुढं जाता येईना. तुमच्याच तारखा बघा. मुलगी ९३ ची. तिच्या जन्मानंतर तीन वर्षं तुमचा नाद व्यवस्थित चालू होता. अंगठी ९६ च्या हिवाळ्यातली, आणि ९७ ला सगळं सुटलं. कशाला उगीच त्या पोरीच्या माथी मारता? मला वाटतं, अंगठी सापडल्यावर पुन्हा त्या शेतकऱ्याच्या दारात उभं राहायला तुमचा पाय उचलेना. त्या दिवशी सांगितलं असतं तर चहा मिळाला असता. पंधरा दिवसांनी सांगायचं तर इतके दिवस का थांबलास, हे विचारलं जाणार. परक्या मुलखात एकट्या तुमच्यावर विश्वास टाकणारा माणूस, आणि त्याच्यासमोर चोर ठरायची भीती. ती भीती मी समजू शकते. पण त्यानंतरची एवढी वर्षं समजून घ्यायची माझी तयारी नाही. तो म्हातारा गेला. अंगठी त्याच्या आईची असेल, बायकोची असेल, युद्धाच्या काळात शेतावर राबायला आलेल्या एखाद्या पोरीची असेल. बटाटे काढताना गार पडलेल्या बोटातून निसटली असेल. त्याला विचारायची संधी तर गेलीच.

कायद्याची पळवाटही शोधू नका. तिकडच्या १९९६ च्या ट्रेझर कायद्यात, म्हणजे सापडलेल्या खजिन्याच्या कायद्यात, ती अंगठी बसत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचं सोनं-चांदी वगैरे असतं तर कॉरोनरला, म्हणजे अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावं लागलं असतं. १९४१ ची हरवलेली अंगठी सरकारची नाही, म्युझियमची नाही, आणि तुमची तर नाहीच नाही. नाण्याचं सोपं आहे : तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा आणि शेताच्या कुठल्या कोपऱ्यात मिळालं ते आठवतंय तोवर सांगून टाका.

होक्सनचा एरिक लॉज तुम्हाला ठाऊक असेलच, त्या काळात तुमच्या क्लबात दुसरा विषय नसणार. सफकमधला निवृत्त माळी, निवृत्तीची भेट म्हणून मशीन मिळालेलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये शेतात गेला तो ओळखीच्या शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला. सापडला रोमन खजिना, चौदा हजारांहून जास्त नाणी. थोडं वर आल्यावर त्यानं उकरणं थांबवलं, कळवलं, आणि बाकीचं पुरातत्त्ववाल्यांच्या हातानं निघालं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस मिळालं, तेही त्यानं शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. लोक खजिन्याचंच बोलतात, मला हातोडा आवडतो. तोही सापडला, आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माणूस शेतकऱ्याची वस्तू शोधायला गेला होता. तुमच्याकडे शेतकऱ्याच्या शेतातली वस्तू सापडून बसलीय आणि तुम्ही मला विचारता, परवानगी कोण देणार!

तर या शनिवारी त्या मुलाच्या दारात जायचं. फोन नको, चिठ्ठी नको. वहिनींना बरोबर घ्या आणि गाडीत त्यांना सगळं सांगा. त्यांनी ती अंगठी पाहिलीय असं तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही. मुलाला म्हणा, तुमच्या वडिलांनी मला शेतात फिरू दिलं होतं, तेव्हा एक अंगठी सापडली, मी तेव्हाच द्यायला हवी होती. कारणं सांगत बसू नका. अक्षरं आणि साल मात्र आधी तोंडातून काढू नका, ते त्यांच्याकडून येऊ द्या. त्यांच्या घरात कुणाला काही आठवलं नाही, तर तिथल्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, १९४१ च्या लग्नांच्या नोंदी बघायला मिळतील का ते विचारा. तिथं मुलालाही बरोबर न्या.

तो दार लावून घेईल, असंही होऊ शकतं. मग अंगठी त्याच्या हातात ठेवून परत फिरायचं. मशीन त्या दिवशी गाडीत नको, आणि परवानगीचा विषय तुम्ही काढायचा नाही.